नक्षीबरोबर येणारी थरथर

रविवार, ११ मे २००८, सकाळचे दहा. वरच्या मजल्यावर राहणारा माझा भाचा खाली आला आणि त्याने माझी मागची खोली मागितली. खोली त्याला स्वतःसाठी नको होती. त्याच्या अजगराच्या मादीने घातलेल्या सात अंड्यांसाठी हवी होती.

मलकपेठेतल्या या घराची मागची खोली म्हणजे पूर्वीचे माझे औषधांचे कोठार. उत्तरेला एक खिडकी, खाली शहाबादी फरशी, डोक्यावर वरचा मजला. मे महिन्यातही ती तापत नाही. वरच्या मजल्याचे तसे नाही; तिथला स्लॅब दिवसभर उन्हात असतो.

“लाइटचा भरवसा नाही, मामा,” तो म्हणाला. “काल दुपारी गेली, एसी बंद, आणि खोलीत अडतीस झालं. अंड्यांना बत्तीसच्या वर सोसत नाही. पिलं वाकडी निघतात, नाहीतर आतच मरतात. तुमच्या खोलीत एकतीस असतं.”

“तुला काय माहीत?”

“परवा तुम्ही भाजीला गेला होतात, तेव्हा थर्मामीटर ठेवून पाहिलं.”

मी नाही म्हणालो. तो खुर्ची ओढून बसला. उठायची त्याची तयारी दिसेना.

मी जनावरांचा डॉक्टर. १९९१ साली सरकारी नोकरीतून निवृत्त झालो आणि कोठीत दवाखाना उघडला. तोवर माझा संबंध म्हशींशी, बैलांशी, आणि रेसकोर्स जवळ असल्यामुळे अधूनमधून घोड्यांशी. पुढच्या दहा वर्षांत माझ्या टेबलावर येणारे जनावर बदलले. देशाने दारे उघडली होती. लोकांच्या हाती पैसा येत होता आणि त्यांना परदेशी वस्तूंप्रमाणे परदेशी कुत्रीही हवी झाली. सुलतान बाजारातले कापडवाले आणि सराफ ती गाडीतून घेऊन येत. काहींची नाके इतकी चपटी की श्वास पुरत नसे. काहींच्या पाठीला मुद्दाम उतार आणलेला. ती ऐन वयात मागचे पाय ओढू लागत. मी मालकांना सांगे की हा आजार नव्हे, ही घडणच अशी आहे. त्यांना औषध हवे असे.

त्याच काळात जुन्या शहरातला एक कबुतरबाज एक पांढरे कबुतर घेऊन आला होता. त्या जातीच्या कबुतराचे डोके हलवून जमिनीवर सोडले की ते कोलांट्या खात लोळत सुटते. त्याने माझ्या फरशीवर सोडून दाखवले. मी म्हणालो, हा मेंदूचा दोष आहे.

“बीमार नै है साब,” तो म्हणाला. “खेलता. इसका बाप बी ऐसाच खेलता था.”

“थांबतं कधी?”

“उठाना पडता. नै उठाए तो लोटते लोटते मर जाता.”

मी म्हणालो, मग याची जोडी लावू नका. त्याने कबुतर उचलले, सदऱ्याच्या आत घातले, नम्रपणे सलाम केला आणि पुन्हा आला नाही.

भाचा समोर बसला होता तेव्हा मला ते कबुतर आठवत होते.

हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. पुण्याचा. माधापूरच्या पुढे एका संगणकाच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी बायकोसह माझ्याकडे राहायला आला. सामानात दोन काचेच्या पेट्या होत्या. पेट्यांत आफ्रिकेतले दोन अजगर, कुणाच्या तरी ओळखीने बँकॉकमार्गे आणवलेले. मनगटापेक्षा जाड, स्वभावाने गरीब, भ्यायले की चेंडूसारखे गुंडाळून बसणारे. आपला नाग घरात ठेवला तर गुन्हा होतो. या पाहुण्यांविषयी कायद्याला तेव्हा काही म्हणायचे नव्हते.

नर साधा, तपकिरी. मादी निराळी. पिवळट अंगावर बारीक काळ्या रेघांचे जाळे, कोळ्याने विणावे तसे. या नक्षीसाठी हौशी लोक वेडे होतात असे भाचा सांगे, आणि पुढचेही त्यानेच सांगितले होते. ही नक्षी एका आनुवंशिक दोषातून येते, आणि त्याच दोषातून मान हलते. एक ठेवून दुसरे काढता येत नाही. अशा मादीच्या सुमारे निम्म्या पिलांत नक्षी उतरते, आणि ज्या पिलात नक्षी उतरते त्याची मान थरथरते, कमी किंवा जास्त. काही पिले उताणी पडतात. वर कुठे आणि खाली कुठे हे त्यांना कळत नाही. मादी आणली तेव्हा त्याला हे ठाऊक होते. नराशी जोडी लावली तेव्हाही ठाऊक होते.

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन खाली आली. तीन कप, तिन्ही अर्धे.

आमच्या घरात कप अर्धा भरतात. माझी आजी, माझे वडील, मी, माझी बहीण, सर्वांचे हात चाळिशीनंतर थरथरू लागले. दुखत नाही, माणूस मरत नाही, फक्त हात स्थिर राहत नाही. म्हणून चहा, आमटी, पाणी, सारे निम्म्यावर. लागले तर पुन्हा घ्यावे. ही रीत घरात कुणी कुणाला शिकवली नाही, आणि तिचे कारण बाहेर कुणी सांगितले नाही. लग्ने जुळवताना पत्रिका पाहिली, गोत्र पाहिले, उंची आणि पगार विचारला. हातांविषयी कुणी विचारले नाही. भाच्याच्या लग्नाच्या बैठकीत बहिणीने चहाचा ट्रे जावेच्या हाती दिला आणि स्वतः पदर सावरत बसून राहिली. होणाऱ्या सुनेला वाटले, ही त्यांच्याकडची मानाची पद्धत असेल.

लग्नानंतर तिने पहिल्या सकाळी कप काठोकाठ भरले. सासूची बशी चहाने भरून वाहिली. दुसऱ्या दिवशी सासूने कप स्वतः भरले, अर्धे.

“मी आईला फोन करून सांगितलं होतं,” ती अजून हसून सांगते, “माणसं चांगली आहेत, पण दुधाची टंचाई दिसते.”

ट्रे ठेवून ती म्हणाली, “मामा, देऊन टाका ना खोली. यानं कालपासून बेडरूमच्या खिडक्यांना ओल्या चादरी टांगल्यात. मला रात्रभर धोब्याकडे झोपल्यासारखं वाटलं.”

“अंडी फ्रीजमध्ये ठेवा,” मी म्हणालो.

“माझ्या फ्रीजमध्ये नको. पन्हं आहे,” ती म्हणाली, आणि मग भाच्याचा चेहरा पाहून तिला समजले की मी अंडी मारून टाकायला सांगतो आहे. ती खाली बसली.

“मामा, ती मजेत आहे,” भाचा म्हणाला. “खाते, कात टाकते, अंडी घालते. हाल होत असते तर अंडी घातली असती का?”

“उपाशी म्हैससुद्धा गाभण राहते.”

“पण तिला त्रास होतो हे कशावरून?”

तिला त्रास होतो असे मी म्हणालो नव्हतो. मला ते ठाऊक नव्हते. म्हशीचा कान पडतो, घोडा भिंतीला डोके दाबून उभा राहतो, कुत्रे आपलेच अंग चाटत बसते; चाळीस वर्षांत मी वेदना वाचायला शिकलो ती अशा खुणांवरून. सापाला पापणी नाही, आवाज नाही, चेहऱ्यावर हलणारे काही नाही. त्याचे दुःख माझ्या विद्येच्या बाहेरचे होते. पण मला दिसत नाही म्हणून ते नाही, असा निष्कर्ष काढायला मी धजत नव्हतो. भाचा धजत होता.

दवाखान्यात माझा एक नियम होता. जनावर चालताना आणि खाताना पाहिल्याशिवाय मी मत देत नसे. मालक घाईत असले तरी त्यांना थांबावे लागे. मी उठलो.

“चल. खाताना दाखव.”

वर ओल्या चादरींमुळे खोलीत अंधारलेले होते आणि उकाडा होता. भाच्याने मारून ठेवलेला पांढरा उंदीर कोमट पाण्यात गरम केला, पुसला, लांब चिमट्यात धरला आणि पेटीचे झाकण सरकवले. मादी कोपऱ्यात वेटोळे घालून होती. उंदराचा वास लागताच तिने मान उचलली आणि मान हलू लागली. बाजूला, वर, पुन्हा बाजूला. डोके हवेत स्क्रूसारखे फिरत गेले आणि क्षणभर जबड्याची खालची बाजू छताकडे झाली. तिने पहिली झेप घेतली ती उंदराच्या हातभर डावीकडे. डोके काचेवर आपटले. आवाज लहानसा झाला.

“पहिल्यांदा चुकतेच,” भाचा म्हणाला. “मी जवळ धरतो.”

दुसरीही चुकली. त्याने चिमटा आणखी पुढे नेला, जवळजवळ तिच्या तोंडाला लावला. तेव्हा तिने उंदीर पकडला.

पण तोवर मी मादीकडे पाहणे सोडले होते. मेलेल्या उंदराचे शेपूट हलत होते. चिमटा हलत होता. भाच्याने डाव्या हाताने उजवे मनगट धरले होते, तरीही हलत होता.

तो बत्तीस वर्षांचा. आमच्यात इतक्या लवकर कुणाला सुरू झाले नव्हते.

“केव्हापासून?” मी विचारले.

मी कशाविषयी विचारतो आहे हे त्याला समजले. “दिवाळीपासून.”

“आईला सांगितलंस?”

“नाही.”

“आणि हिला?”

ती दारात उभी होती. “मला सांगायला कशाला हवं? हा स्वतःचा कप स्वतः भरायला लागला तेव्हाच कळलं.”

भाच्याने झाकण सरकवले, चिमटा पुसला, जागेवर ठेवला. पलंगाच्या कडेवर बसला. हात मांड्यांखाली घातले. लहानपणी तो ओरडा खायच्या आधी असाच बसे.

“आता सांगा, मामा,” तो म्हणाला. “मान हलते त्यानं जन्माला येऊ नये म्हणता. मग तुम्ही? मी? आम्ही दोन वर्षं मूल होऊ दिलेलं नाही, का ते ठाऊक आहे?”

“आम्ही नाही,” ती म्हणाली. “तू. मी कुठे थांबायचं म्हटलं?”

“तुला ठाऊक नव्हतं.”

“आता ठाऊक आहे. तरी म्हणत नाही.”

मी खुर्ची घेतली. जिना चढून गुडघे दुखत होते. अंड्यांविषयी बोलायला आलेल्या माणसापुढे दुसराच प्रश्न आला होता, आणि त्याची तयारी माझ्याजवळ नव्हती. रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या सात पिढ्या मालकांना तोंडपाठ असत. आम्ही आमच्या तीन पिढ्यांविषयी जेवताना एक शब्द बोललो नव्हतो.

“तुझ्या आजीनं,” मी म्हणालो, “तुझ्या आजोबांना पसंत केलं ते हात थरथरतो म्हणून नव्हे. थरथर आली. तिनं कप अर्धा भरला. तू जोडी लावलीस ती थरथर हवी म्हणून.”

“मला नक्षी हवी होती.”

“दोन्ही एकच आहेत, हे मला कुणी सांगितलं?”

त्याने पेटीकडे पाहिले. मग म्हणाला, “मी तिला उंदीर जवळ धरतो. तोही अर्धा कपच आहे.”

हे बरोबर होते. मी तसे मान्य केले. तो निर्दयी मुलगा नव्हता. दिवाळीपासून दर आठवड्याला तो त्या पेटीपुढे हात स्थिर ठेवण्याचा प्रयत्न करीत बसत होता, हे आता मला दिसत होते.

“आणि मला ठाऊक असून मी मूल होऊ दिलं, तर मीही जोडी लावलीच ना?” त्याने विचारले. “मग तुमच्या माझ्यात आणि त्या कबुतरवाल्यात फरक काय?” त्या कबुतरबाजाची गोष्ट त्याने माझ्याकडून पूर्वी ऐकली होती.

घराण्याने हा प्रश्न कधी पडूच दिला नव्हता.

उत्तर तिने दिले. चादर पिळत होती, पिळता पिळता बोलली. “फरक एवढाच की मूल आपण पेटीत घालून दुसऱ्याला देत नाही. ते थरथरलं तर आपल्यासमोर थरथरेल. त्याला आधी सांगू. तुम्ही लोकांनी मला सांगितलं नाहीत, तसं नाही करायचं. आणि त्याचा कप मी भरीन.” तिने चादर झटकली. “तुझी पिलं तर अंड्यात असतानाच तू वाटून टाकलीस.”

“वाटलीस म्हणजे?” मी विचारले.

“तिघांनी सांगून ठेवलंय,” भाचा म्हणाला. “एक बंजारा हिल्सचा आहे. त्याला नक्षीवालीच हवीत.”

“आणि तो पुढे जोडी लावणार.”

“लावणारच.”

मी टॉर्च मागितला. अंडी एका पारदर्शक डब्यात होती, ओलसर भुश्शात, एकमेकांना चिकटलेली, प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीची खूण. सापाचे अंडे एकदा बसले की फिरवायचे नसते. फिरवले तर आतला जीव गुदमरतो. मी न हलवता टॉर्च एका अंड्याच्या कडेला टेकवला. टॉर्च माझ्या हातात होता, त्यामुळे प्रकाशही थरथरत होता; भाच्याने माझे मनगट धरले आणि त्याने काही फायदा झाला नाही. शेवटी तिने टॉर्च घेतला. साल तांबूस उजळले. कडेने शिरा होत्या. मधला भाग गडद झाला होता आणि त्या गडदात काहीतरी सावकाश सरकले.

“मार्चअखेरची आहेत?”

“हो.”

“पहिल्या आठवड्यात विचारलं असतंस तर मी फ्रीज म्हणालो असतो आणि त्यावर ठाम राहिलो असतो. आता यांना कणा आहे, मज्जारज्जू आहे. गोठवणं म्हणजे मारणंच, आणि तेही चांगल्या रीतीने नाही.”

“म्हणजे खोली देता?”

“तापली तर आणखी वाकडी निघतील. त्यापेक्षा खोली बरी. पण ऐक. पुन्हा जोडी नाही. नर या घरातून जाईल. साधा आहे, कुणीही नीट पाळील. साधी पिलं द्यायची त्यांना दे. ज्यांच्यावर नक्षी असेल ती या घराबाहेर जाणार नाहीत. त्या तिघांना आजच नाही म्हणून सांगायचं.”

“मामा, ती तीस वर्षं जगतात.”

“माहीत आहे.”

“तुम्ही...” तो थांबला.

“मी नसेन. तू उंदीर जवळ धरायचा आहेस, तीस वर्षं. मुंबईला बदली झाली तर मुंबईत. अमेरिकेला जायचं असेल तर आधी यांचं काय ते ठरवून. तेवढं जमत नसेल तर खोली मिळणार नाही.”

तो बायकोकडे पाहू लागला.

“माझ्याकडे काय बघतोस?” ती म्हणाली. “साप तुझ्या आयुष्यात आधी आले, मी नंतर. चार काय, नि पाच काय.”

खाली रस्त्यावर आइसफ्रूटवाला घंटा वाजवत गेला. पंखा थांबला, करंट पुन्हा गेला होता. भाच्याने डब्यातल्या थर्मामीटरकडे पाहिले, मग खिशातून फोन काढला आणि गच्चीत गेला. पहिला फोन लवकर आटोपला. बंजारा हिल्सच्या माणसाशी तो बराच वेळ बोलत होता. “नाही सर, पैशाचा प्रश्न नाही,” एवढे दोनदा ऐकू आले. तिसरा उचलला गेला नाही. परत आला तेव्हा त्याचा चेहरा थकलेला होता.

“तिसऱ्याला संध्याकाळी पुन्हा लावतो,” तो म्हणाला.

“लाव.”

आता डबा खाली न्यायचा होता. वीस पायऱ्यांचा अरुंद जिना, आणि डबा तिरपा होता कामा नये. भाच्याने हात पुढे केले. मग मागे घेतले. मी हात पुढे केलेच नाहीत.

“बाजूला व्हा दोघंही,” ती म्हणाली. तिने ओढणीला हात पुसले, डबा उचलला, छातीशी धरला आणि निघाली. मी पुढे होऊन दारे उघडत गेलो. भाचा मागून, डब्यावर नजर ठेवून, प्रत्येक पायरीला “सांभाळ” म्हणत.

“तू गप्प राहिलास तर जास्त सांभाळलं जाईल,” ती मागे न पाहता म्हणाली.

मागच्या खोलीत माझे दवाखान्यातले तपासणीचे टेबल भिंतीशी लावलेले आहे. त्यावर तिने डबा ठेवला. भाच्याने आत थर्मामीटर पाहिले आणि मान डोलावली. खोली एकतीस होती. दोघे वर गेले. जिन्यात ती त्याला काही विचारत होती आणि तो उत्तर देत होता. शब्द कळले नाहीत.

मी टेबलाला हात लावून पाहिला. ते डुगडुगत होते. एक पाय पूर्वीपासून आखूड आहे. दवाखान्यात मी तिथे विटेचा तुकडा ठेवत असे, तो सामान हलवताना हरवला. शेल्फावर औषधांचे एक रिकामे खोके होते. त्याचा पुठ्ठा फाडला, चौपट घडी केली, वाकलो आणि आखूड पायाखाली सरकवला. पुन्हा हात लावून पाहिला. आणखी एक घडी घालून सरकवली.